भिवाचा भोंगा आणि साहेबाची घंटी

भिवाचं आणि झुंबरचं ते भांडण मी काही भिंतीला कान लावून ऐकलं नाही. तशी गरजच पडली नाही. अख्ख्या मंठा गावानं ते ऐकलं, बाजारात बांधलेल्या बैलांसकट!

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. दुष्काळ सरून वर्ष होत आलं होतं. भिवा माझा शेजारी, आमच्या दोन घरांत एकच कुडाची भिंत. गावातल्या एका कचेरीत तो बारा वर्षं शिपाई होता. कोणती कचेरी ते लिहीत नाही, उगाच कुणाला उचकी लागायची. तर त्या महिन्यात भिवानं रजा टाकली आणि जालन्याला जाऊन मस्तगडातल्या एका दुकानातून लाऊडस्पीकरचा जुना संच उचलून आणला. एक भोंगा, एक मशीन, एक माईक, मोटारीची बॅटरी आणि गाण्याच्या सात तबकड्या. त्यापायी त्याच्या गेलेल्या आईच्या हातातले चांदीचे कडे मोडले. झुंबरला, म्हणजे त्याच्या बायकोला, यातलं काहीच माहीत नव्हतं. ती रानात गेलेली.

बाजाराचा दिवस होता. आवाज कुठवर जातो ते बघावं म्हणून भिवानं लांब तार सोडून भोंगा बाजारातल्या कडुलिंबावर बांधला आणि माईक घरात ठेवला. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" झालं. एक तबकडी वाजवून झाली. तेवढ्यात झुंबर आली. तिनं घरात मांडलेलं ते सामान पाहिलं, मग कडे गुंडाळून ठेवायचं फडकं रिकामं पाहिलं. आणि भिवा माईक बंद करायचा विसरला.

मी भाकरी थापत होते. पहिलं वाक्य भिंतीतून आलं आणि तेच वाक्य लगेच लिंबावरून आलं.

"पेन्शनीची नोकरी सोडून भोंगा वाजवणार? डोकंबिकं फिरलं का तुमचं?"

"सोडली कुठं? रजा टाकलीय."

"आज रजा, उद्या राजीनामा! मी वळखून हाये. आवं, दुष्काळात सारी वस्ती खडी फोडायला गेल्ती. मी गेल्ते का? न्हाई. कामून? तुमचा पगार व्हता म्हणून!"

"तू खडी फोडली न्हाई, पण मी फुटलो ना तिथं बसून! बारा वर्षं, झुंबर. बारा वर्षांत त्या साहेबानं मला नावानं हाक मारली न्हाई. पाणी पाह्यजे, घंटी. फाईल पाह्यजे, घंटी. पंख्याचं बटण त्याच्या हाताशी हाये, तरी घंटी! रोग झालाय त्याला घंटीचा. आता तर घंटी वाजली की माह्या पोटात आग पडती."

"मंग सोडा खा! खाताच की रोज. पगारदार माणसाचे नखरे हे! शेजारच्या गिरजाक्काकडं बघा. तिच्या मालकाला पगार न्हाई, तर बिचारी दर आठ दिवसाला वाटी घेऊन पिठासाठी दारात उभी असती!"

आता मात्र मी उठले! माझी वाटी लिंबावरून साऱ्या बाजाराला दाखवली जात होती. पिठाचे हात तसेच घेऊन त्यांच्या घरात शिरले आणि ओरडले, "बटण! बटण!"

"गिरजाक्का, तुला वाईट म्हणून न्हाई म्हणले मी..." झुंबर म्हणाली.

"ते नंतर म्हण बाई! आधी ते बटण दाब!"

भिवानं बटण दाबलं. आणि मग बाजारातून असा हशा उठला की लिंबावरचे कावळे उडाले. तुम्ही म्हणाल, आपलाच आवाज भोंग्यातून येतोय हे त्या नवराबायकोला कळलं कसं नाही? अहो, दोघांचा मूळचाच आवाज काय कमी होता!

दुसऱ्या दिवसापासून साहेब रस्त्यानं निघाला की चहाच्या हॉटेलातली माणसं टेबलावर बोट दाबून "टिंग" करायला लागली. तिसऱ्या दिवशी तातेराव आले. तातेराव म्हणजे त्या कचेरीतले मोठे कारकून, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. मऊ माणूस. पाणी प्याले, घाम पुसला आणि खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले.

"भिवा, साहेब लई तापलेत. पण मी समजूत घातली. हा माफीचा कागद. याच्यावर सही कर, एक तारखेला येऊन इष्टुलावर बस, मिटलं. आन हा राजीनाम्याचा. दोन्ही मीच लिहून आणले, तुला तरास नको."

"भाऊसाहेब, अक्षर दोन्हीतबी झकास हाये," भिवा म्हणाला.

"चेष्टा करू नको रे. एक तारखेला यातला एक माह्या टेबलावर पाह्यजे. दुसरा फाडून टाक."

झुंबर चुलीपुढं होती. तिथूनच बोलली. "भाऊसाहेब, तुमच्यासमोर सांगते म्हणजे मागून कुणी फिरायला नको. या महिन्यात ह्यांच्या भोंग्यावर घर चाललं तर मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई चाललं तर माफीवर सही करायची आन घंटीपुढं उभं राह्यचं. मंग बिलकुल कुरकुर न्हाई."

"कबूल," भिवा म्हणाला आणि त्यानं दोन्ही कागद बुद्धाच्या तसबिरीमागं खोचले.

खरं लिहिते, मी मनातून झुंबरच्या बाजूची होते. वाटी घेऊन दारात मी उभी राहत होते ना!

पण तो महिना! काय सांगू! कचेरीत जायचं असलं की भिवाला दोनदा उठवावं लागायचं. आता कोंबड्याच्या आधी हा उठलेला. सायकलच्या कॅरेजला भोंगा, दांडीला मशीन, पुढं पिशवीत तबकड्या. बॅटरी जड, ती कुणाच्या गाडीतून पुढं जायची. कुठं लग्न, कुठं जावळ. घरून निघताना शीळ घालायचा. बारा वर्षं एका भिंतीपलीकडे राहून या माणसाला शीळ वाजवता येते हे मला माहीत नव्हतं. झुंबरलाही नव्हतं. ती म्हणाली, "आक्का, हा कोण माणूस घरात येऊन राह्यला?"

आमच्याकडं लग्न लागलं की अहेर पुकारतात. कुणी पातळ दिलं, कुणी टोपी, कुणी तांब्या, ते सगळ्या मांडवाला ऐकवायचं. बाकीचे भोंगेवाले हे काम उरकायचे. पाटलाचं नाव ढोल बडवल्यासारखं, आणि गड्याचं नाव असं की त्याचं त्यालाच कळू नये. भिवाची रीत निराळी. अहेर देणाऱ्याजवळ आधीच जायचा, नाव विचारायचा, बापाचं विचारायचा, गाव विचारायचा, आणि मग सावकाश, सगळ्यांना एकाच आवाजात, राव नाहीतर बाई लावून पुकारायचा. आमच्या वस्तीतल्या कचरूला त्याची बायकोसुद्धा "ए" म्हणायची. तो भोंग्यातून "कचरूराव" झाला आणि दोन दिवस धोतराची घडी मोडू न देता हिंडला! शेवटी भिवा विचारायचा, "कुणाचं नाव राह्यलं का? राह्यलं असंल तर हात वर करा." कुणी हात वर केला नाही की मगच बटण बंद.

सगळंच काही गोड नव्हतं. एका लग्नात बॅटरी मेली. भिवा खुर्चीवर उभा राहिला आणि सत्तर-ऐंशी नावं नरड्यानं ओरडून घेतली. तीन दिवस आवाज नाही, खुणा करून मीठ मागायचा. बॅटरीचं पाणी सांडून हाताची सालटी गेली. झुंबर लेप लावत म्हणाली, "कचेरीत शिंक आली तर दोन दिवस निजून राह्यचे. आता हात भाजला तर हसून राह्यले!"

आणि त्याची सोड्याची पुडी. कचेरीत असताना ती रोज खिशात असायची. महिना संपत आला तेव्हा झुंबरला ती कोनाड्यात सापडली, दगडासारखी घट्ट झालेली. तिनं मला आणून दाखवली. मग फोडून डाळीत टाकली.

पण पिठाचा डबा? तो काही शीळ ऐकून भरत नव्हता. झुंबरनं हिशोब माझ्यापुढं मांडला. "आधा महिना चाललं, आधा महिना ढकललं. याला घर चालणं म्हणत न्हाईत, आक्का. माणूस खूश हाये, ते मला दिसतंय. पण खुशी चुलीवर शिजत न्हाई."

राहिलं होतं एकच लग्न. मंठ्यापासून तीन कोसांवर धर्मराज पाटलाकडचं, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. पाटलानं दोन पोती ज्वारी कबूल केली होती. दोन पोती म्हणजे दिवाळीपर्यंत बघायला नको. मिळाली तर भिवा जिंकला, नाहीतर दुसऱ्या दिवशी इष्टूल.

झुंबर म्हणाली, "मी येते. आन आक्का, तूबी चल. मला डोळ्यांनी बघायचंय."

गेलो गाडीतून! बॅटरी मध्ये, आम्ही दोघी दोन अंगाला. भांडणापासून झुंबर त्या मशीनच्या बटणाला विंचवाला भ्यावं तशी भ्यायची. रस्ताभर पदरानं झाकून बसली, धक्क्यानं चालू होईल म्हणून.

पाटलाच्या दारापुढं मोठा ओटा. भिवाच्या बापाला त्या ओट्यासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं. त्याच ओट्यावर भिवानं मशीन मांडलं. झुंबर मशीनशेजारी बसली, मी तिच्यामागं. लग्न लागलं, पंगती उठल्या आणि अहेर सुरू झाला. भिवाचा आवाज तीन रानांपलीकडं जात होता. माझ्या अंगावर काटा येत होता, बाई! आपला शेजारी, ज्याला आपण चड्डीवर पाणी भरताना रोज बघतो, त्याचा आवाज एवढा मोठा मांडव मान वर करून ऐकतोय!

आणि साहेब आला. जीपमधून. पाटलाचा पाहुणा म्हणून. झुंबरनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली.

साहेब पुढच्या खुर्चीवर बसला. थोड्या वेळानं पाटलाचा पुतण्या वसंता ओट्यावर आला. त्याच्याशी बोलायचं म्हणून भिवानं माईक बंद केला.

वसंता वाकून म्हणाला, "भिवा, जल्दी कर. गड्यांची नावं राहू दे आता. खण आन तांबे कोण ऐकून राह्यलं? मोठ्या माणसांची दोनदा घे. साहेबांचं तीनदा घे."

यातलं "भिवा, जल्दी कर" एवढंच ओट्यावर ऐकू आलं. पुढचं सगळं भोंग्यातून आलं! मी बघितलं तर झुंबरचा हात मशीनवर. ती दुसरीकडंच बघत होती, मांडवाला लावलेली आंब्याची पानं मोजावीत तशी.

वसंताला घाईत ते कळलं नाही. भिवालाही नाही. त्याचा राग त्याच्याच कानात भरलेला. तो म्हणाला, "वसंतराव, ती खांबापाशी साळूबाई बसलीय. तुमच्याच रानात खुरपती. सकाळपास्नं खण मांडीवर घेऊन बसून राह्यली, आपलं नाव कवा येतं म्हणून. मी बारा वर्षं इष्टुलावर तसाच बसून राह्यल्तो. मला ते जमायचं न्हाई. नावं घ्यायची तर सगळ्यांची. न्हाईतर मी भोंगा उतरवतो, तुमची ज्वारी तुमच्याकडं राहू द्या."

मांडवातल्या सगळ्यांची तोंडं पाटलाकडं. खांबापाशी साळूबाईनं खण पदराखाली घेतला. तो खण एवढासा, पण साऱ्या गावाला दिसत होता. वसंतानं वर बघितलं, भोंगा बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

धर्मराज पाटील उठला. लांब मिशा, अंगात नवी कोपरी. मला वाटलं, आता भोंगा, भिवा आणि आम्ही दोघी, सगळेच गावाबाहेर! पाटील खाकरला आणि ठणकावून म्हणाला, "घ्या की मंग सगळ्यांची! न्हाई कोण म्हणतंय? वसंता, तू कशाला तिथं उभा? पाहुण्यांना पान दे!" जणू हा पहिल्यापासून त्याचाच हुकूम होता. मोठी माणसं अशी असतात, वळण आलं की आधीपासून त्याच वाटेला होतो म्हणतात. असो, पण वळला हे खरं.

मग भिवानं पुकारलं, "साळूबाई सखाराम, राहणार याच गावी, यांच्याकडून नवरीला चोळीचा खण!" साळूबाई उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि खण द्यायला गेली ती अशी सावकाश गेली, की पाटलीणबाईसुद्धा तेवढा वेळ उभ्या राहिल्या.

इकडं साहेबाची जीप निघायची होती. तो ओट्यापाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भिवा, माझं नाव जरा आधी घेतोस का?"

"नंबर आला की घेतो, साहेब," भिवा म्हणाला. बोलण्यात कडू काही नाही, जसं कुणालाही म्हणावं तसं. साहेब थांबला. नंबर आल्यावर भिवानं त्याचं नाव बापाच्या नावासकट घेतलं, साळूबाईचं घेतलं होतं त्याच आवाजात. त्याच्या अहेरात स्टीलचं पातेलं होतं, आजही आठवतं.

सामान आवरेपर्यंत ओट्यापाशी ही गर्दी! "आमच्याकडं पुढच्या गुरुवारी या." "आमच्याकडं जावळ हाये." "पण नावं सगळ्यांची घ्यायची, बराबर?" झुंबर बोटं दुमडून वार लक्षात ठेवत होती. सहा बोटं झाली. दोन पोती पाटलाच्या गड्यांनी आपण होऊन गाडीत टाकली.

परतताना भिवाही आमच्यासोबत गाडीत बसला आणि एकदम हसायला लागला. मग आणखी हसला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग हसू थांबलं आणि पाणी थांबेना.

"झुंबर, त्याला माझं नाव माहीत व्हतं गं. बारा वर्षं माहीत व्हतं!"

झुंबर पोत्याला टेकून बसली होती. ओढा ओलांडल्यावर भिवानं विचारलं, "आन ते बटण कुणी चालू केलं?"

"मला काय कळतंय त्यातलं?" झुंबर म्हणाली. "धक्का लागला असंल."

एक तारखेला सकाळी झुंबर माझ्याकडं दोन्ही कागद घेऊन आली. चूल पेटवायची होती. भिवा बाहेर बॅटरी पुसत होता, शीळ चालू.

"आक्का, तुला वाचता येतं. यातला माफीचा कोणता?"

मी तिसरीपर्यंत शिकलेली, तीही अर्धी. तातेरावांचं अक्षर सुंदर, पण सगळं एकमेकांत गुंफलेलं. मी अंगणात उजेडात नेऊन बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. चुकीचा कागद जळला तर काय! आयुष्यात एवढं जपून मी काहीच वाचलं नाही, लेकीचं पत्रसुद्धा नाही. "क्ष" आणि "मा" सापडले. तरी दुसरा कागदही पूर्ण वाचून काढला, खात्री म्हणून. मग म्हणाले, "हा."

तिनं तो चुलीत घातला. पहिली भाकरी त्याच जाळावर टाकली. दुसरा कागद भिवापुढं धरला. "सही करा. मीच देऊन येते भाऊसाहेबांकडं. तुमी गेलात तर तिथं घंटी वाजंल आन सवयीनं उठून उभे राहताल."

पुढं पाच वर्षं भिवानं भोंगा चालवला. पावसाळ्यात लग्नं नसायची, तेव्हा झुंबर खुरपायला जायची आणि रोज एकदा पगाराची आठवण काढायची. तो हक्क तिनं सोडला नाही. कडे काही परत आले नाहीत. आणि मधल्या एका श्रावणात झुंबरच वाटी घेऊन माझ्या दारात आली! मी पीठ दिलं आणि म्हटलं, "आता लिंबावर भोंगा बांधू का?" दोघी हसून हसून दमलो. पण सोडा? भिवाच्या खिशात पुन्हा कधी दिसला नाही.

भिवा एकोणऐंशीच्या थंडीत गेला. झोपेतच. आदल्या दिवशीचं तेवढं लिहिते.

साळूबाई तीन कोस चालत आली होती, नातीचं नाव ठेवायचं म्हणून. "एवढ्याशा कामाला भोंगा कशाला, म्हणतात सारे," ती म्हणाली. "नाव ठेवायला न्हाई तर कशाला मंग?" भिवा म्हणाला. त्यानं सायकल काढली. मीही गेले, साळूबाईसोबत गाडीत. घरापुढं बाभळ होती, तिच्यावर भोंगा चढवला. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." आलेल्या प्रत्येकाजवळ जाऊन नाव, बाप, गाव विचारलं. जमलेली माणसं दहा-बारा. मग मुलीचं नाव सांगितलं, बेबीनंदा, आणि ते चार दिशांना तोंड करून चारदा पुकारलं. आलेले अहेर पुकारले: टोपडं, झबलं, खुळखुळा.

"कुणाचं नाव राह्यलं का? राह्यलं असंल तर हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. त्यानं थोडं थांबून सगळीकडं बघितलं, बटण बंद केलं, बंद झालं ना ते दुसऱ्यांदा बघितलं. तार कोपरावर गुंडाळली, भोंगा कॅरेजला बांधला, अर्धा कप चहा घेतला आणि शीळ घालत मंठ्याच्या रस्त्याला लागला.